चार फोटो उरलेला रोल

पिंपरीच्या बाजारात कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या चाचांकडून मी तो जुना, रोलचा कॅमेरा घेतला. बटण दाबलं की भिंग घर्र करत पुढे यायचं आणि लांबचं जवळ दिसायचं. "ताई, रोल संपला की आपोआप गुंडाळतो. तोवर मागचं झाकण उघडायचं नाही, उजेड लागला की फोटो जळतात," चाचांनी दोनदा बजावलं.

घेतला आईसाठी. केमोत केस गेल्यापासून फोन समोर धरला की ती तोंडावर पदर ओढायची. "लगेच बघतेस मेले, आणि लगेच सगळ्यांना पाठवतेस!" या कॅमेऱ्यात लगेच काहीच दिसत नाही म्हटल्यावर तिनं विचारलं, "तुलाही नाही?" "मलाही नाही." मग ठेवणीतली साडी नेसून, डोक्याचा रुमाल आपण होऊन काढून, ती आमच्या सांगवीच्या गॅलरीत बसली. मी आतल्या खोलीत लांब उभी राहून झूम केलं. आई हसत होती. कित्येक महिन्यांनी हसत होती हो!

रोलात चार फोटो उरले. कसली मेली काटकसर सुचली मला! तेवढे संपवून मग धुवायला देऊ म्हणून कॅमेरा पर्समध्ये टाकला आणि तसाच चाकणला कंपनीत घेऊन गेले. आमच्या गेटवर फोनच्या कॅमेऱ्यावरसुद्धा स्टिकर चिकटवतात, हे रोजचं असून विसरले. सिक्युरिटीच्या भाऊंनी कॅमेरा उलटापालटा करून पाहिला. "मॅडम, यातलं कार्ड कुठंय?" मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी खटकन झाकण उघडलं. भर उन्हात. त्यांना काय बोलणार? त्यांनी आयुष्यात रोल पाहिलेला नव्हता. तरीही चाचांनी रोल धुऊन बघितला. आईचे सगळे फोटो जळाले होते.

आईला मी सांगितलंच नाही. "धुवायला दिलेत," म्हणाले. दुसऱ्याच दिवशी नवा रोल आणला, पण 'पुन्हा फोटोला बैस' म्हणायचं तर खरं सांगावं लागलं असतं. भित्री कुठली! ती रोज विचारायची, मी रोज थाप मारायचे. शेवटी शेवटी तीच माझी समजूत घालायची, "असू दे गं, त्यांना घाई नको करूस. चांगले आले असतील."

नवा रोल अजून फ्रिजच्या दारात आहे, तिच्या इंजेक्शनांच्या रिकाम्या खोक्याशेजारी. भिंतीवर हार घातलाय तो फोटो आधार कार्डावरून मोठा करून घेतला. कार्डावरचा तो फोटो पाहून आई नेहमी म्हणायची, "ही मी नव्हेच."