रशियाची रापण

मासळीबाजारात बसलं की किस्से खवल्यांसारखे अंगाला चिकटतात. घरी जाऊन दोनदा आंघोळ करा, एखादं खवलं केसांत सापडतंच. माझ्या केसांत चाळीस वर्षांची खवली आहेत. त्यातली ही काही, ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची.

*

मी शाळेची पायरी चढलेली नाही. मासे गुंडाळायच्या रद्दीवर अक्षरं शिकले, तीही चाळिशीनंतर. मालवणच्या एसटी स्टँडवर एकदा रशियन पुस्तकांचं प्रदर्शन लागलं. सगळी मराठीत. विकणाऱ्याने माझी टोपली बघितली आणि म्हणाला, "आजी, पाककृतीचं दाखवू?"

म्हटलं, "जेवण करूक माका येता. लढाई येणा नाय. ती दी."

जर्मन रशियात कसे घुसले आणि रशियनांनी त्यांना कसं हाकललं, त्याचा जाडजूड ग्रंथ घेऊन आले.

*

दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की बाजाराच्या छपराखाली मी मोठ्याने वाचायची. शेजारच्या टोपलीवाली पार्वती ऐकायची. रिटायर झालेले एक मास्तर बांगडे घ्यायला येत आणि नकाशा समजवायला थांबत.

जर्मन ऐन उन्हाळ्यात निघाले, गरम कपडे न घेता, हे वाचलं तर पार्वती म्हणाली, "थंडी येतली ह्यां तेंका कोणी सांगूक नाय काय गो?"

"थंडयेच्या आधी आटपान घराक जाव, असा तेंका वाटला."

"'आत्ता येतंय' म्हणान गेलेलो घोव कधी आत्ता इलोहा?"

*

रशियन मैलोन्मैल मागे हटले, जाताना धान्यसुद्धा जाळत गेले. मास्तर हळहळले. "पळपुटेपणा हा."

पार्वती म्हणाली, "मास्तरानू, मोठो मासो गळाक लागलो तर तुमी दोरी ओढतास? तुटतली ती. सोडूची. तो दमासर सोडूची."

मी पान उलटलं. तिथे नेमकं तेच! शत्रूला आत ओढायचा, लांबवर पसरू द्यायचा, दमवायचा.

"मगे माका वाचूक शिकान काय करूचा आसा?" पार्वती म्हणाली.

पुढचं पान मी जरा जास्तच मोठ्याने वाचलं.

*

स्टालिनग्राडला मास्तरांनी फरशीवर खडूने बाण काढले. जर्मन शहरात गुंतलेले, रशियनांच्या फौजा दोन्ही बाजूंनी निघून त्यांच्या मागे एकत्र आलेल्या. "दुहेरी वेढा," मास्तर तीनदा म्हणाले. कोणाला कळेना.

पार्वती उठली. "ओ, ही रापण."

रापण म्हणजे आमचं किनाऱ्यावरचं मोठं जाळं. होडी अर्धगोल फिरून जाळं सोडते, दोन्ही टोकांच्या दोऱ्या माणसं किनाऱ्यावरून ओढतात, मासळी मधे. दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा, मग तो वाटसरू का असेना.

"मगे वाटो कोणाकोणाक दिल्यानी?" तिने मला विचारलं.

"पुस्तकात नाय ता."

"म्हणजे पुस्तक अर्धाच आसा."

*

मग स्वारी आमच्यावरच आली. नगरपालिकेच्या ऑफिसात नवीन साहेब आले होते. स्टँडसमोरची गर्दी नको म्हणून आमची जागा हलवली, पार गावाबाहेर, जिथे कावळाही गिऱ्हाईक होऊन यायचा नाही. जुन्या छपराभोवती दोरी बांधली. त्या जुन्या जागी बसलो तरच आमची चूल पेटायची.

बायका भांडायला उठल्या. मी म्हटलं, "आधी दोरी सोडूची, तो दमासर." आम्ही गुपचूप उठलो. साहेब खूश.

दुसऱ्या दिवसापासून मालवणात मासळीचं शेपूटसुद्धा आणलं नाही. नव्या जागीही नाही. देवबाग, आचऱ्याच्या बायकाही थांबल्या. ऐन मे महिन्यात आम्ही गावावर रशियाचा हिवाळा आणला.

तिसऱ्या दिवशी मास्तर धापा टाकत आले. "अहो, घोटाळा झाला. साहेब शाकाहारी आहे."

मासळीवाचून त्यांचं काय अडणार! पार्वती म्हणाली, "साहेब आसात. तेंचा सैन्य मालवणीच मा?"

आठवड्याभरात शिपाई मासळीच्या शोधात रजेवर गेले. हेडक्लार्क ऑफिसची जीप घेऊन तळेऱ्याचा लांबचा वळसा घेऊन देवगडला सुरमई शोधायला गेला. साहेबांनी घंटी वाजवली तर उठायला कोणी नव्हतं.

*

नवव्या दिवशी भरल्या टोपल्या घेऊन आम्ही ऑफिसच्या रस्त्याच्या दोन टोकांनी निघालो. अर्ध्या बायका माझ्याबरोबर, अर्ध्या पार्वतीबरोबर. साहेब बोलायला बाहेर आले आणि दोन्ही रांगा त्यांच्या मागे मिळाल्या. वेढ्याच्या आत आमच्या बाजूने बोलायला हेडक्लार्कसुद्धा होता. त्याची नजर टोपलीवर.

साहेबांनी घाम पुसला. "आजी, बसा तुमच्या जागेवर. मी लेखी देतो." दिलं. ते मी दोनदा वाचलं, मोठ्याने. मग स्वतः जाऊन त्यांनी छपराची दोरी सोडली. गाठ घट्ट होती, चांगली ओढावी लागली.

पार्वतीने टोपलीतले दोन मोठे बांगडे काढून त्यांच्या हातात ठेवले.

"अहो, मी खात नाही."

"खावा नको. पण दोरयेक हात लागलो तुमचो. वाटो घेवकच व्हयो."

साहेब शेपट्या चिमटीत धरून उभे. हेडक्लार्क लगबगीने पुढे आला. "साहेब, मी धरतो ना!"

पार्वतीने त्याच्या हातावर चापटी मारली. "तू मागे सर. तू खंय दोरी ओढलंस?"