वॉल्टरदादांची रायफल मी रंगवली

हे सुनंदालाही माहीत नाही. एकतीस वर्षांच्या संसारात माझं कोलेस्टेरॉल, माझे पासवर्ड, डब्यातली कारल्याची भाजी मी कुठे टाकायचो — सगळं तिला ठाऊक आहे. हे नाही. मग तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. समोर ओळखीचं माणूस असतं, तर मी पुन्हा काहीतरी सारवासारव केली असती. त्यात माझा हात कोणी धरणार नाही.

तर — वॉल्टरदादा. आमचे समोरचे शेजारी. मला इथल्या पाण्याच्या प्लांटवर नोकरी लागली म्हणून आम्ही एटोबिको सोडून टोरोंटोपासून दोन तासांवरच्या या गावात आलो. पहिल्याच बर्फात ड्राइव्हवे शोव्हल करताना मी कंबर धरून खाली बसलो, तर समोरून एक उंच, सत्तरीचा माणूस आला, माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि सगळा ड्राइव्हवे साफ करून गेला. तेव्हापासून ते आमच्या घरचेच झाले. बायको वारलेली, एकुलती मुलगी लिंडा पार दुसऱ्या प्रांतात, ब्रॉसार्डला. सुनंदा त्यांना भाऊबीजेला ओवाळायची आणि ते ताटात मेपल सिरपची बाटली ठेवायचे. इंग्रजीत सगळेच 'यू', पण माझ्या मनात ते कायम 'अहो'च राहिले.

शिकारीला मला त्यांनीच नेलं. मी नागपूरचा, ज्या घरात अंडं उकडायचं तर गॅलरीत स्टोव्ह लावावा लागे, त्या घरातला! पण कोर्स केला, लायसन्स काढलं आणि दर नोव्हेंबरात त्यांच्याबरोबर हरणांच्या मोसमात जंगलात जायला लागलो. मी कधी काही मारलं नाही. मला आवडायचं ते त्यांच्याबरोबर झाडाखाली गप्प बसणं. आणि त्यांचा नेम बघणं. एक गोळी, एक हरीण. जखमी जनावर जंगलात सोडून त्यांना कधी परतावं लागलं नव्हतं, आणि याचा त्यांना जेवढा अभिमान होता तेवढा कशाचाच नव्हता.

त्यांची रायफल वडिलांकडून आलेली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. दर वसंतात ते त्याला जवसाचं तेल चोळायचे, तळहाताने, लाकूड गरम होईपर्यंत. लाकडाच्या रेषा अशा उठून दिसायच्या की नजर हटत नसे. ते लाकूड आता कोणालाच दिसणार नाही, आणि त्याचं कारण मी आहे. पण थांबा, मी अजूनही मुद्द्याभोवती गोल गोल फिरतोय, नाही का?

सहा वर्षांपूर्वीची खंडेनवमी. आमच्याकडे एटोबिको-मिसिसागाची सात-आठ मराठी कुटुंबं जमतात, सोयीचा शनिवार बघून. दरवर्षी पाटावर काय असायचं? लॅपटॉप, ड्रिल मशीन, स्नोब्लोअरची किल्ली. त्या वर्षी मला हुक्की आली — एकदा खरं शस्त्र ठेवू या की! वॉल्टरदादांना विचारलं, तर त्यांना आनंदच झाला. हत्यारांना नमस्कार करायचा दिवस असतो हे ऐकून म्हणाले, "श्री, हा सण आमच्याकडे का नाही?" रायफल रिकामी करून, चापाला कुलूप लावून, स्वतः आणून दिली. लिंडाच्याही हाती कधी दिली नव्हती म्हणे.

बेसमेंटमध्ये पूजा झाली. झेंडूची फुलं, हळद-कुंकू, आरती. मंडळी वर जेवायला गेली. मी मागे राहिलो. का? फोटो काढायला! डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं, हातात रायफल. मोबाइल मांडणीवर ठेवला, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि धावत जाऊन पोझ घ्यायला गेलो. अठ्ठावन्न वर्षांचा घोडा मी, पाटाला पाय अडखळला. मी सावरलो. रायफल हातातून सुटली आणि जिन्याच्या सिमेंटच्या पायरीवर आपटली.

"काय पडलं हो?" वरून सुनंदा ओरडली.

"काही नाही गं, पाट!"

बघा, किती पटकन आलं तोंडात. विचारसुद्धा करावा लागला नाही.

दस्त्याची जी मान असते, जिथे मूठ धरतात, तिथे एक बारीक चीर गेली होती. केसाएवढी. वर बसवलेल्या दुर्बिणीच्या पट्टीवर एक खोक. तेव्हाच्या तेव्हा समोर जाऊन सांगितलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. वॉल्टरदादा हसले असते, फोटो दाखव म्हणाले असते. दस्ता दुरुस्त करून घेतला असता. मला हे तेव्हाही माहीत होतं, हेच तर वाईट आहे. मला त्यांच्या रागाची भीती नव्हती. मला लाज वाटत होती — फेटा बांधून आरशासमोरच्या पोरासारखा मिरवताना अडखळलो, हे सांगायची. एवढीशी लाज. तिच्यासाठी हे सगळं.

रायफल साफ करून देतो, असं सांगून मी दोन आठवडे ठेवून घेतली. चिरेत इपॉक्सी भरलं, शिकंजा लावला. जोड बसला, पण अक्रोडावर काळी रेघ उठली. पुसली जाईना. मग मला ती कल्पना सुचली, आणि खोटं कशाला बोलू, सुचली तेव्हा मी स्वतःवर खूश झालो. रंगवून टाकू! हिरवे-खाकी ठिपके, जंगलात मिसळून जातील असे. आणि म्हणायचं, दादा, तुम्हाला भेट.

सोपं काम आहे हो. जवसाचं तेल स्पिरिटने पुसून काढलं — चाळीस वर्षांचं तेल, चार बोळ्यांत निघालं. नळीचं तोंड, दुर्बिणीच्या काचा, घोडा, चाप, सगळं चिकटपट्टीने झाकलं. आधी फिकट खाकी रंगाचा एक हात. मग भांडी घासायचा स्पंज घ्यायचा, त्याच्या कडा कुरतडून वेड्यावाकड्या करायच्या, कारण सरळ कड उठली की नजर तिथेच जाते. रंग कागदी प्लेटमध्ये फवारायचा, स्पंज त्यात टेकवायचा, जास्तीचा रंग कागदावर झटकायचा आणि नुसतं टिपत जायचं. ओढायचं नाही. दर वेळी स्पंज थोडा फिरवायचा, म्हणजे ठसा पुन्हा तोच येत नाही. हिरवा, मग तपकिरी, शेवटी थोडासा काळा. त्या काळ्या रेघेवर मी किती वेळा टिपलं असेल! वाळल्यावर ती कुठे होती हे मलाही सापडेना.

वॉल्टरदादांनी रायफल हातात घेतली आणि बराच वेळ अंगठा दस्त्यावरून फिरवत राहिले. लाकडाच्या रेषा शोधत होते. मी बघत होतो ना. मग म्हणाले, "हे सगळं तू माझ्यासाठी केलंस?" आणि मला मिठी मारली. कायद्याने शिकाऱ्याला नारिंगी टोपी नि नारिंगी जाकीट घालावंच लागतं, तर शिकारीच्या कॅम्पवर सगळ्यांना म्हणाले, "मी मैलावरून दिसतो, फक्त माझी बंदूक लपलीय!" सगळे हसले. दोघांनी माझ्याकडे आपल्या रायफली रंगवून मागितल्या. मी रंगवून दिल्या. स्पंज कसा धरायचा यावर भाषणही दिलं.

त्या मोसमाआधी कागदावर नेम तपासताना त्यांच्या गोळ्या इकडे-तिकडे जात होत्या. दुर्बीण जुळवली, पुन्हा तेच. मी इंजिनियर आहे हो! चिरलेल्या दस्त्यात नळी दर धक्क्याला थोडी हलणार, हे मला कोणी शिकवायला नको होतं. तो दस्ता त्यांच्या गालापाशी तुटलाही असता. मी थर्मासमधून कॉफी ओतली आणि म्हणालो, "वारा आहे आज."

आणि मग ते हरीण. ऐंशी पावलांवर, आडवं उभं. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. गोळी सुटली आणि ते मागच्या पायांवर कोसळलं, उठलं, फरफटत झाडीत गेलं. आम्ही दोन दिवस रक्ताच्या खुणांचा माग काढत हिंडलो. शहात्तर वर्षांचा माणूस ओढ्यातून, चिखलातून. दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फ पडायला लागलं आणि खुणा गेल्या. ते एका आडव्या झाडावर बसले, हातमोजे काढले आणि दोन्ही हात समोर धरून बघत राहिले. हात अगदी स्थिर होते. मी शपथेवर सांगतो, स्थिर होते.

"बंदूक कधी खोटं बोलली नाही, श्री," ते म्हणाले. "माझेच हात गेले."

इथे मी बोलायला हवं होतं. आता तुम्हाला वाटेल, मी गप्प बसलो, तेच माझं पाप. नाही. नुसता गप्प बसलो असतो तर कदाचित आज हे लिहीतही बसलो नसतो. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "मलाही जाणवलं, दादा. गोळी सुटायच्या आधी हात थरथरला तुमचा. वय होतं माणसाचं."

हे मी बोललो. कोणी विचारलं नसताना. त्यांचा संशय रायफलीकडे वळू नये म्हणून.

त्यानंतर ते शिकारीला आले नाहीत. डिसेंबरात गाडी चालवणं सोडलं. हात गेलेल्या माणसाने बर्फात गाडी चालवू नये, म्हणाले. मग सुतारकामाची हत्यारं विकली. पोर्चच्या पायऱ्या स्वतः बांधणारा माणूस बल्ब बदलायला मला हाक मारू लागला, आणि मी जायचो, अगदी तत्परतेने. गाव म्हणायचं, असा शेजारी मिळायला भाग्य लागतं. सुनंदालाही माझा अभिमान वाटायचा. लिंडाने त्यांना डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणाले हातांना काही झालेलं नाही. लिंडाने मला फोन करून सांगितलं, ते मानतच नाहीत. म्हणतात, डॉक्टरला काय कळतं, श्रीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

तेव्हाही सांगता आलं असतं. लिंडा फोनवर होती, मी एकटा होतो, वेळ होता. मी म्हणालो, "त्यांच्या मनाप्रमाणे होऊ दे."

घर विकून ते लिंडाजवळच्या वृद्धांच्या निवासात गेले. जाताना रायफल रीतसर माझ्या नावावर केली. मी एकदा ती शिकंज्यात घट्ट बांधून, कोणाचाही हात लागू न देता, दोरीने चाप ओढून पाच गोळ्या झाडल्या. पाचही वेगवेगळ्या जागी गेल्या. मला माहीत होतं तेच मी पुन्हा एकदा पाहिलं आणि रायफल कपाटात ठेवून कुलूप लावलं.

दर रविवारी मी त्यांना फोन करतो. ते आता ब्याऐंशीचे आहेत, आवाज खणखणीत. लिंडा सांगते, शर्टाची बटणं दुसऱ्याकडून लावून घेतात, सूप दुसऱ्याच्या हाताने पितात. हात मांडीवर ठेवून बसतात.

गेल्या रविवारी त्यांनी एकाएकी विचारलं, "श्री, त्या दिवशी खरंच थरथरला होता का रे माझा हात? मला तर आठवत नाही." सुनंदा शेजारीच भाजी निवडत होती. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

म्हणालो, "हो दादा. थरथरला होता."