बजाबाईच्या हातची राख

बजाबाई सुईण तोंडानं फटकळ, पण तिचा हातगुण चांगला, असं गिरणीच्या चाळीत सगळे म्हणत. काही पोरं सातव्या-आठव्या दिवशी दातखीळ बसून, अंग ताठून जात. ती सटवाईच्या कोपानं गेली म्हणायचं. पोर जगलं तर श्रेय बजाबाईचं, गेलं तर दोष सटवाईचा. अशी वाटणी कुणाला नको असेल?

इंग्रज सरकारनं शहरावर लादलेला मार्शल लॉ उठला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एका दवाखान्यानं सुइणींना शिकायला बोलावलं. बजाबाई गेली ती गंमत बघायला. डॉक्टरीणबाईंनी फळ्यावर अकरा इंग्रजी अक्षरं काढली आणि वाचून दाखवली: क्लॉस्ट्रिडियम. धनुर्वाताच्या जंतूच्या कुळाचं हे नाव. नाव आहे का मालगाडी, असं बजाबाई शेजारणीच्या कानात पुटपुटली. बाईंनी ते ऐकलं, पण रागावल्या नाहीत. ग्रीक लोकांच्या भाषेत सूत कातायच्या चातीला जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडलं, अर्थ एवढाच की इवलीशी चाती, असं त्यांनी सांगितलं. या कुळातले जंतू काडीसारखे असतात आणि पोटात बी धरलं की सूत भरलेल्या चातीसारखे मधे फुगतात. धनुर्वाताचा तेवढा टोकाला फुगतो, पण आडनाव कुळाचंच लागतं.

बजाबाईचं हसू तिथंच विझलं. तरुणपणी बारा वर्षं तिनं गिरणीत चात्यांपुढं उभं राहून काढली होती. जंतू म्हणजे डॉक्टरांच्या बाता, असं ती मानायची. आता ते तिला दिसायला लागले. आणि बाई सांगत होत्या की ते बी शेणामातीत वर्षानुवर्षं तग धरतं, नाळेला लावलेल्या राखेतून पोराच्या अंगात शिरतं. बजाबाईनं आजवर प्रत्येक नाळेवर चुलीपुढची राखच दाबली होती. तिला बसव्वा आठवली. बसव्वाची दोन पोरं सातव्या दिवशी गेली होती, आणि तिसऱ्यांदा तिचे दिवस भरत आले होते.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, बसव्वाकडून बोलावणं आलं. बजाबाईनं दोरा आणि कात्री बराच वेळ उकळून घेतली. मुलगा झाला, रडला. नाळ कापून ती स्वच्छ फडकं गुंडाळणार, तोच बसव्वाच्या सासूनं वाटी पुढं केली. मठातली विभूती होती. बजाबाई नको म्हणाली. सासू भडकली. दोन पोरं गेली, आता तिसऱ्याला देवाची राखही लावायची नाही, हे कुठलं शहाणपण? बाजेवरून बसव्वाही लावा म्हणाली. सरकारचा हुकूम आहे, अशी थाप मारता आली असती. पण म्हातारी चिमूट घेऊन वाकलीच, आणि बजाबाईनं पोराच्या पोटावर हात आडवा धरला.

"आधीच्या दोघांना तूच राख लावलीस की?" सासूनं विचारलं.

बजाबाईनं आडवा हात काढला नाही. "व्हय," ती म्हणाली. "म्हणूनच गेली ती. सटवाईनं न्हाय नेली, माझ्या हातानं गेली."

बसव्वा कोपरावर टेकून अर्धी उठली. मग सासूला कानडीत एवढंच म्हणाली, "ब्याड." नको. म्हातारीनं चिमटीतली विभूती पोराच्या कपाळाला लावली.

पुढचे दिवस बजाबाईला अन्न गोड लागेना. बसव्वाच्या दारात जायची हिंमत नव्हती. रोज सकाळी ती नळावर उगाच रेंगाळायची, आणि पोराचं रडणं कानावर पडलं की घागर उचलायची. सातव्या दिवशी रडणं ऐकूच आलं नाही. घागर भरून वाहायला लागली. ती तशीच टाकून बजाबाई बसव्वाच्या दाराशी गेली.

बसव्वा भिंतीला टेकून पोराला पाजत होती. बजाबाईनं उंबऱ्यावर पाय ठेवला, तशी तिनं पोरावर पदर ओढून घेतला.

"पोरगं चांगलं हाय, बजाक्का," ती म्हणाली. "पण तुमी आता त्याला हात लावू नका."

बजाबाईनं पाय मागं घेतला. पदराआड पोर चुटूचुटू दूध ओढत होतं. दाराबाहेरूनही तिला ते ऐकू येत होतं.