शिसं सेहेचाळीस

बस डेपोच्या प्रयोगशाळेत तिला सगळे तेलबाई म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. तीस वर्षं दुसरं केलं तरी काय होतं तिनं? बसच्या इंजिनांतून काढलेलं काळंकुट्ट तेल छोट्या बाटल्यांतून तिच्या टेबलावर यायचं. ती ते यंत्रात घालायची, यंत्र ते ठिणगीत जाळायचं आणि त्या उजेडावरून सांगायचं की तेलात कुठला धातू किती उतरलाय. दहा लाख भागांत लोखंड इतकं, तांबं इतकं, शिसं इतकं. आकडे नेहमीचे असले की बस रस्त्यावर. एखादा आकडा उसळला की बस आत.

साहेबांच्या परवानगीनं त्या बाटल्यांत अधूनमधून एक घरची बाटली असे, तिच्या थोरल्या भावाच्या गाडीची. दादाची डिझेल टॅक्सी चोवीस वर्षांची होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार तो वरच्या गावातून तीन पेशंटना डायलिसिससाठी खाली शहरातल्या हॉस्पिटलात आणायचा आणि दुपारी परत न्यायचा. बेचाळीस किलोमीटरचा घाट, परतीला सगळी चढण. दर पाच हजार किलोमीटरला ती स्वतः हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये जाऊन, इंजिन गरम असतानाच, तेलाची पातळी बघायच्या पट्टीच्या भोकातून बारीक नळी सोडून तेल ओढून घेई.

दादाला हे लाड वाटत. "ठमे, इंजिनाला काय होतंय ते इंजिन बोलतं. ऐकणारा पाहिजे," असं तो म्हणायचा. लहानपणापासून ती त्याची ठमीच होती.

तिची पंचाईत अशी, की एकदा ती सपशेल तोंडावर पडली होती. दोन वर्षांपूर्वी दादाच्या तेलात सिलिकॉन वाढलेलं दिसलं. सिलिकॉन म्हणजे धूळ, धूळ म्हणजे हवेचा फिल्टर गळका. तिनं आरडाओरडा करून गाडी खोलायला लावली. दोन दिवस गेले, पेशंटची फरफट झाली, आणि निघालं काय? महिन्याभरापूर्वी गॅरेजवाल्यानं नव्या गॅस्केटला चिकटवायचं सिलिकॉन फासलं होतं, तेच तेलात उतरलेलं. धुळीचा कण नाही. दादा हसला होता, पण दिवाळं निघाल्यासारखं तोंड करून.

त्या बुधवारी सकाळी पावणेअकराला यंत्रानं दादाच्या बाटलीचा कागद बाहेर टाकला. लोखंड नेहमीचं, सिलिकॉन नेहमीचं. तांबं अडतीस. शिसं सेहेचाळीस.

गेल्या तीन वेळचं शिसं सात, आठ आणि अकरा होतं.

तांबं आणि शिसं जोडीनं वर चढतात ते एकाच ठिकाणाहून: क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, बेअरिंगमधून. त्या अर्धगोल पट्ट्या गेल्या की क्रँक तेलाविना लोखंडावर फिरतो आणि इंजिन चालता चालता आवळून बसतं. चढणीवर, वळणावर, मागे ट्रक असताना.

पण बाटली खराब असेल तर? नळी नीट धुतली नसेल तर? सोमवारी तेल काढताना ती घाईत होती, हे तिला आठवलं. तिनं बाटली खळाखळा हलवली, यंत्र पुसलं, माहीत असलेल्या तेलावर आधी तपासून घेतलं आणि दादाचं तेल पुन्हा लावलं.

शिसं सत्तेचाळीस.

तिनं फोन लावला. उचलला नाही. परत लावला. दहा-बारा वेळा लावून झाल्यावर तिनं घरी वहिनीला केला.

"अहो, ते गाडीतच असतील की. पडले असतील पेपर वाचत."

"वहिनी, गाडी सकाळी सुरू करताना काही आवाज येतो का?"

"येतो ना! आठ दिवस झाले. चावी फिरवली की एक-दोन सेकंद टक टक टक. मग बंद. मी सांगितलं यांना. म्हणाले, कुठे? काही नाही, तुला भास होतो."

"कुठे, असं म्हणाले?"

"कान टवकारून ऐकलंनी आणि म्हणाले, कुठे."

तेलबाईनं घड्याळ पाहिलं. सव्वाबारा. दोन वाजता पेशंट सुटतात, अडीचला गाडी घाटाला लागते. साहेबांना "घरचं काम" एवढंच सांगून तिनं स्कूटर काढली. वाटेत दोन सिग्नलना हटकून लाल मिळालं आणि दोन्हीकडे तिच्या मनात तेच: आणि परत काही नाही निघालं तर? आज पेशंटना कसं नेणार? आणि यापुढं दादा कधी तेल काढू देईल?

पार्किंगच्या टोकाला, भिंतीलगत, गाडी उभी होती. दादा मागच्या सीटवर पाय पसरून पेपर वाचत होता. फोन पुढच्या सीटवर वाजत होता. ती गेटमधून आत येतानाही लावतच होती. हातभर अंतरावर फोन वाजतोय आणि दादा पान उलटतोय, हे तिनं काचेतून पाहिलं.

तिनं फोन बंद केला. काचेवर टिचकी मारली तेव्हा तो दचकला.

"तू? काय झालं?"

तिनं कागद पुढं केला. त्यानं वाचायचं नाटकही केलं नाही.

"परत सुरू झालं तुझं? मागच्या वेळी काय झालं आठवतंय ना? तिघं वर सुया लावून पडलीत. त्यांना काय सांगू, माझ्या बहिणीला शिसं दिसलं?"

"दादा, भांडायला नाही आले. फक्त एकदा गाडी सुरू कर."

"का?"

"कर ना. चार तास थंड झालीय, म्हणून."

तो पुटपुटत पुढं बसला. पार्किंगचा वॉचमन स्टूल सोडून जवळ आला होता. दादानं चावी फिरवली.

टक टक टक टक. कुणी आतून हातोडीनं दार वाजवावं तसं. दोन सेकंद, फार तर तीन. मग इंजिन गुमान फिरायला लागलं. वॉचमननं भुवया उंचावून तेलबाईकडं पाहिलं.

दादानं विजयी चेहऱ्यानं खिडकीतून मान बाहेर काढली. "बघ. लोण्यासारखं."

वॉचमन तोंड उघडणार होता, तिनं त्याला डोळ्यांनी गप्प केलं. मग ती दादाच्या खिडकीशी वाकली, इतकी की फक्त त्यालाच ऐकू जावं. "दादा, आत्ता आवाज झाला. मोठा झाला. यालाही आला, मलाही आला. वहिनी आठ दिवस ऐकतेय."

दादानं वॉचमनकडं पाहिलं. वॉचमन जमिनीकडं बघत होता.

बराच वेळ इंजिन तसंच चालू राहिलं. मग त्यानं ते बंद केलं, चावी काढली आणि तिच्या हातात दिली. "त्यांना कशात नेशील?"

"स्टँडवरून जीप सांगते. मी बसते बरोबर."

ती बसली. ड्रायव्हर पोरगेला आणि घाईचा होता, चौथ्या वळणावर दरी अगदी चाकाखाली आल्यासारखी दिसली. मागे तिघं थकून माना टाकून झोपली होती. त्यांना सोडून ती वहिनीकडं पोचली. तिकडं गॅरेजवाल्यानं दादाची गाडी ओढून नेली होती, पण इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उद्या सकाळी खोलू म्हणाला. म्हणजे अजून कशाचाच पत्ता नव्हता.

सकाळी पहिल्या बसनं ती खाली उतरली. गॅरेजमध्ये दादा उलट्या डब्यावर बसला होता, रात्रभर तिथंच असल्यासारखा. गॅरेजवाला गाडीखाली होता, त्याचे पाय तेवढे दिसत होते. नट पडल्याचे आवाज येत होते. दोघं भावंडं एकमेकांकडं बघत नव्हती.

गॅरेजवाला सरपटत बाहेर आला. त्यानं एक पट्टी फडक्यावर ठेवली. वरची राखाडी कातडी पार गेलेली, खालचं तांबं उघडं, आणि एका कडेला नखाएवढा तुकडाच निखळलेला. "दोन नंबर. आणखी एक घाट निघाला असता," तो म्हणाला. "फार तर दोन. क्रँक वाचलाय, नुसता पॉलिश करून चालेल."

आपण बरोबर निघालो याचा आनंद होईल असं तेलबाईला वाटलं होतं. झाला नाही. तिला त्या घाटातली माना टाकलेली तिघं दिसली आणि तिनं गाडीच्या बॉनेटला हात टेकला.

"हिवाळ्यापासून," दादा म्हणाला. गॅरेजवाला हात धुवायला गेला होता. "डावा कान तर गेलाच, उजव्यातही भुंगा असतो. सांगितलं असतं तर लायसन्स काढून घेतलं असतं. मग या तिघांना कुणी आणलं असतं?"

"म्हणून मला नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं म्हणजे तू लगेच तपासायला घेऊन गेली असतीस."

"असतेच."

"तेच ना."

तिनं त्याला त्याच आठवड्यात डॉक्टरकडं नेलं. कानाला यंत्र लागलं. ते लावून डॉक्टरांनी तपासलं, गाडी चालवायला हरकत नाही असं लिहून दिलं. गाडी अकरा दिवसांनी बाहेर पडली. तोवर जीप फेऱ्या मारत होती आणि तिघांपैकी एकानंही कुरकुर केली नाही. उलट त्यांच्यातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईनं सांगितलं, "काका, आम्ही काही विचारलं की तुम्ही उलटंच उत्तर द्यायचात, आम्हाला वाटायचं विनोद करताय."

यंत्र लागलं त्या रविवारी तेलबाई वर जेवायला गेली. दादा दारातच भेटला, वैतागलेला. हॉर्न फार मोठे झालेत म्हणाला, भांडीही फार आपटतात म्हणाला. मग आवाज खाली आणून स्वयंपाकघराकडं अंगठा दाखवला.

"ही दिवसभर माझ्याबद्दल एवढं बोलत असते, ठमे, मला पत्ताच नव्हता."