पिवळ्या मण्याची टाचणी

गल्लीत तिला टेलरबाई म्हणत, आणि टेलरबाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आधी यायचं ते तिचं मिटलेलं तोंड. कारण तोंडात कायम टाचण्या. गिऱ्हाईक आरशासमोर उभं, ही खाली गुडघ्यांवर, आणि ओठांत रंगीत मण्यांच्या टाचण्यांची रांग. त्यातली एकेक काढून कापडात खोचायची, संपल्या की डाव्या मनगटावर पट्ट्यानं बांधलेल्या छोट्या गादीतून पुन्हा उपसायच्या. मनगटावर गादी असताना तोंडात कशाला, असं लोकांनी तिला शंभरदा विचारलं असेल. शिकवणाऱ्या मास्तरांची तशीच सवय होती, ती आपल्यालाही लागली, एवढंच तिचं उत्तर, आणि तेही टाचण्या काढून झाल्यावर. नवरा नळदुरुस्तीची कामं करायचा. तो म्हणायचा, घरात दोन घटका शांतता हवी असेल तर हिला गिऱ्हाइकं आणून द्यावीत.

पण शांतता कसली, घरात रेडिओ होता ना. रेडिओ म्हणजे थोरली मुलगी. वय वर्षं पाच, आणि डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत तोंडाचा पट्टा सुरू. ढगाला पाय का नसतात, बाबांच्या पाईपमधलं पाणी रात्री झोपतं का, खालच्या काकूंच्या मांजरीचं लग्न झालंय का. उत्तर मिळालं नाही तर स्वतःच देऊन पुढच्या प्रश्नाला लागायची. आईच्या तोंडात टाचण्या असल्या की मात्र तिची पंचाईत व्हायची. आईनं तिला एकदाच नीट समजावलं होतं, समोर बसवून, दोन्ही खांदे धरून. तोंडात टाचणी असली की बोलायचं नाही, हसायचं नाही, गिळायचं तर मुळीच नाही. टाचणी गादीत गेली की मग काय ते. तेव्हापासून पोरगी आईच्या मनगटाकडे डोळे लावून बसायची, आणि शेवटची टाचणी गादीत टोचली रे टोचली की विचारायची, "आता बोलू?"

धाकटा नुकता चालायला लागलेला, म्हणजे घरात एक चोर पाळल्यासारखंच. दिसेल ते हातात आणि हातातलं तोंडात. आईच्या ओठांवरचे रंगीत मणी त्याला फार आवडायचे. तो जवळ आला की ती मणीसुद्धा ओठांआड ओढून घ्यायची आणि गाल फुगवून त्याला हसवायची. स्वतः न हसता. याचा तिला थोडा अभिमानच होता. कुणाला चुकूनसुद्धा टाचणी लागलेली नाही, असं ती अभिमानानं सांगायची. काळजी मात्र तिच्या अंगातच होती. पोरांना शिंक आली तरी हिच्या काळजात धस्स व्हायचं. दवाखान्यातल्या सिस्टरना तिचा आवाज फोनवर ओळखू यायचा. आणि एवढी काळजी करणाऱ्या बाईला आपल्याच तोंडातली गोष्ट कधी दिसली नाही.

त्या दिवशी दुपारी बागेत जायचं ठरलं होतं. तिथे नवी घसरगुंडी बसवली होती आणि रेडिओवर आठवडाभर दुसरी बातमी नव्हती. पोरगी जेवणाआधीच बूट घालून बसली होती, तेही उलटसुलट. निघणार तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. संध्याकाळी समारंभ आणि कोटाची बाही लांब. पाचच मिनिटं, असं गिऱ्हाईक म्हणालं आणि पाचच मिनिटं, असं आईनंही पोरीला सांगितलं. आईची पाच मिनिटं किती लांब असतात ते सगळ्या पोरांना ठाऊक असतं. पोरगी धाकट्याला घेऊन मशीनच्या खोलीत गेली.

बाही झाली. गिऱ्हाईक दारात चपला घालत अजून आभार मानत होतं, तेवढ्यात आतून धाकट्याचा टाहो ऐकू आला. ती धावली. खोलीच्या मध्यभागी तो लालबुंद होऊन जमिनीवर बसला होता. टाचण्यांचा डबा कपाटातल्या त्याच्या जागेवर नव्हता, मशीनवर होता, आणि पायाशी एक निळ्या मण्याची टाचणी पडली होती. तिनं आधी धाकट्याच्या तोंडात बोट घालून पाहिलं. तिथे काही नव्हतं, नुसता आवाजच. मग तिचं लक्ष थोरलीकडे गेलं. पोरगी भिंतीला टेकून ताठ उभी होती आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"काय झालं? टाचण्या सांडल्या? तोंडात घातलीस? गिळलीस?"

एका दमात चार प्रश्न. पोरीनं मान हलवली, होय अशी. कशाला होय, ते विचारायची शुद्ध आईला राहिली नाही. तिनं तोंड उघड म्हणून सांगितलं, पोरीनं नकारार्थी मान हलवली. गाल दाबायला गेली तर पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ओठ काही सुटले नाहीत. उलट तिनं आईचं डावं मनगट दोन्ही हातांनी पकडलं आणि खाली ओढायला लागली. दुखतंय तिला, आईनं मनाशी ठरवून टाकलं. तिनं खुंटीवरचा स्वेटर अंगात अडकवला, धाकट्याला काखोटीला मारलं आणि थोरलीला हाताला धरून जिना उतरली.

खालच्या मजल्यावरच्या काकू दारातच होत्या. त्यांनी ऐकलं आणि केळं आणलं. केळ्यात गुंडाळून निघून जाईल, असं त्यांचं म्हणणं. पोरीनं केळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाणी पुढे केलं तर तोंड फिरवलं. आणि तेव्हा आईला दिसलं की तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ ओघळतेय आणि ती गिळत नाहीये. गिळता येत नाही म्हणजे घशात अडकली. काकूंनी धाकट्याला ओढूनच घेतला, टॅक्सी थांबवली आणि तुझ्या नवऱ्याला मी फोन करते म्हणाल्या.

टॅक्सीत पोरगी मांडीवर बसली होती. रस्ता खड्ड्यांचा, आणि प्रत्येक हादऱ्याला आईच्या डोळ्यांपुढे ती टाचणी इंचभर आत सरकत होती. हळू चालवा, म्हणून तिनं सांगितलं. मग जरा लवकर चालवा, म्हणून सांगितलं. टॅक्सीवाला भला माणूस, त्यानं दोन्ही करून पाहिलं. पोरीची लाळ तिच्या स्वेटरच्या बाहीवर सांडत होती आणि पोरगी त्या बाहीला धरून ओढत होती, थांबत होती, आईच्या तोंडाकडे पाहत होती आणि पुन्हा ओढत होती. घाबरलीय, आधार शोधतेय, असं आईला वाटलं, म्हणून तिनं हात आणखी घट्ट आवळला.

आणि मग, माणूस भीतीपोटी करतो तसं, ती रागवायला लागली. तुला किती वेळा सांगितलं डब्याला हात लावायचा नाही म्हणून. एक बाई बाही मापून जाईपर्यंत तुला दम निघेना. तू मोठी ना. बोल, कुठे दुखतंय, बोल ना. आयुष्यात पहिल्यांदा ती या मुलीला बोल म्हणत होती. रोज सकाळी जिच्या बडबडीनं कान किटायचे, तिच्या तोंडून एक शब्द ऐकायला मिळावा म्हणून तिनं त्या वेळी मशीनसकट सगळं देऊन टाकलं असतं. पोरगी नुसती बघत होती. डाव्या बाजूच्या खिडकीतून बाग मागे गेली, ती तिनं पाहिली आणि ओठ आणखी घट्ट मिटले.

दवाखान्यात लगेच आत घेतलं. मुलांच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या, आणि त्यांच्या शांतपणाचीच तिला भीती वाटली. त्यांनी पोरीच्या छातीला नळी लावली, श्वास ठीक आहे म्हणाल्या. हातात बॅटरी घेऊन, गोड बोलून तोंड उघडायला सांगितलं. पोरीनं पुन्हा नकारार्थी मान हलवली. जबरदस्ती नको, डॉक्टरीणबाईंनी आईला बजावलं. टाचणी घशात असेल, पोटात असेल, तोंडातही असेल, एक्स-रे फोटोत दिसेलच. पण हिला रडवू नका. रडताना मूल श्वास आत ओढतं आणि टाचणी श्वासनळीत गेली तर ती काढायला भूल द्यावी लागेल. आईला यातले दोनच शब्द ऐकू आले. श्वासनळी आणि भूल.

तेवढ्यात नवरा आला, पँट गुडघ्यापर्यंत ओली, हातात पाना तसाच. तो दारात थबकला आणि आपल्या रेडिओकडे बघत राहिला. "काय गं, आज बॅटरी संपली का?" त्यानं विचारलं. आवाज चेष्टेचाच काढला होता, पण मधेच फाटला. पोरीचा गाल एका बाजूनं किंचित हलला, हसू यायला लागलं होतं, तिनं ते दाबलं. टाचणी तोंडात असताना हसायचं नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं असतं? हसण्याचीही ताकद राहिली नाही लेकरात, असं आईला वाटलं आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

फोटोच्या खोलीत एकालाच आत सोडत होते. आई गेली. सिस्टरनी तिला जाड एप्रन दिला आणि अंगावर धातूचं काही असेल तर आधी काढा म्हणाल्या. तिनं गळ्यातलं काढलं, कानातलं काढलं. मग स्वेटर काढला. डाव्या मनगटावर पट्ट्यानं बांधलेली टाचण्यांची गादी तशीच होती. दुपारपासून, बाहीखाली. ती त्या गादीकडे बघत राहिली. ही एवढा वेळ माझ्या हातावर होती, आणि मी तिच्यासकट लेकीला छातीशी धरून आले.

ती पट्टा सोडायला गेली, पण त्याआधी पोरीनं झेप घेतली. दोन्ही हातांनी आईचं मनगट धरलं, खाली ओढलं, आणि या वेळी आईनं ओढू दिलं. पोरीनं मान वाकवली. ओठ अगदी थोडेसे उघडले, आईचे उघडतात तसे, आणि दोन बोटांनी तिनं आतून एक टाचणी बाहेर काढली. पिवळ्या मण्याची, लाळेनं ओली. इकडेतिकडे बघून, जागा निवडून तिनं ती गादीत टोचली. नीट बसली का ते बोटानं दाबून पाहिलं.

मग मान वर केली.

"आता बोलू?"

सिस्टर काहीतरी म्हणाल्या. डॉक्टरीणबाई आत आल्या, त्यांनी बॅटरीनं घसा पाहिला, आणि तरीही फोटो काढलाच, खात्रीसाठी. फोटो स्वच्छ निघाला. जिभेच्या बाजूला एक लहानसा ओरखडा होता, तो आपोआप भरेल म्हणाल्या. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला आणि तो बाकावर असा बसला की पाना खणकन खाली पडला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त आईच्या मनगटाकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्ही तोंडात धरता का? आईनं हो म्हटलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं, आणि त्यापेक्षा चांगलं सुनावलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

परतीच्या टॅक्सीत रेडिओ सुरू झाला. सगळं तुंबलेलं एकदम बाहेर आलं. डबा तिनं काढलाच नव्हता, कपाटाचं दार बाळानंच ओढलं होतं. टाचण्या सगळीकडे सांडल्या. तिनं सगळ्या भरल्या, झाकण लावलं, डबा उचलून मशीनवर ठेवला, कारण मशीनपर्यंत त्याचा हात पोचत नाही. पण पिवळी त्याच्या मुठीत राहिली होती. ती तिनं सोडवून घेतली, तर तो रडला आणि अंगावर चढून पुन्हा ओढायला लागला. हात वर केला तरी चढत होता. त्यानं खाल्ली असती. म्हणून मग तिनं आईसारखं केलं, मणीसुद्धा आत घेतला, त्याला दिसू नये म्हणून.

"तू विचारत होतीस," ती म्हणाली, "पण मी कशी बोलणार? आणि तुझी गादी सापडतच नव्हती. मी किती ओढलं."

नवरा पुढच्या सीटवर होता. तो मागे वळला नाही, फक्त टोपी काढून मांडीवर ठेवली. आईला जातानाच्या टॅक्सीतलं स्वतःचं बोलणं आठवत होतं, शब्द न् शब्द. तू मोठी ना, असं ती म्हणाली होती. मोठी होती म्हणूनच तर. तोंड उघडलं तर हुंदकाच फुटला असता, आणि लेकरासमोर तो नको, म्हणून तिनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि खिडकीबाहेर बघत राहिली. बाग पुन्हा आली आणि मागे गेली. पोरगी घसरगुंडी दिसते का ते वाकून बघत होती, आणि उद्या नक्की ना, म्हणून विचारत होती. एकदा विचारलं, दोनदा विचारलं. आईकडून उत्तर आलं नाही तशी ती गप्प झाली.

तिनं वळून आईचे मिटलेले ओठ पाहिले. मग आईची बाही कोपरापर्यंत मागे सारली, गादीसकट तिचं मनगट दोन्ही हातांवर तोलून धरलं आणि आईच्या हनुवटीखाली आणलं.

"काढ," ती हळू आवाजात म्हणाली. "मी धरते."

आईनं तोंड उघडून दाखवलं. आत काही नव्हतं.