पहिलं ‘नको’

मंदाकिनीबाई टिपणीसांनी सदुसष्टाव्या वर्षी इंग्रजीच्या क्लासला नाव घातलं, तेव्हा नौपाड्यातल्या त्यांच्या सोसायटीत कुजबुज झालीच. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई, आता म्हातारपणी स्पेलिंगं पाठ करते! लोकांचं काय जातंय बोलायला. नवरा गेल्यापासून संध्याकाळ झाली की त्यांना घर खायला उठतं, हे लोकांना कोण सांगणार?

मुलगा केदार इंग्लंडात, लीड्सला. सून एमा तिकडचीच. पोरगी गुणाची, पण मराठीचा गंध नाही. सासूला सरळ ‘मंदा’ म्हणायची. बाईंनी तेही पोटात घातलं होतं. नात साडेतीन वर्षांची, ती रुसायचीसुद्धा इंग्रजीत. आजीला रुसवाच कळला नाही तर काढणार कसा? म्हणून हा सगळा खटाटोप.

गुढीपाडव्याच्या सुमाराला रविवारच्या व्हिडिओ कॉलवर एमाने एकेक शब्द सुटा करून विचारलं, की वर्षातले सहा महिने आमच्याकडे राहायला याल का? एक खोली रिकामीच आहे. शेजारी केदार मुलीचं नाक पुसत बसला होता.

बाईंना प्रश्न अख्खा कळला. इतके महिने घोकलेल्या क्रियापदांचं चीज झालं. आनंद तर मावेना. आणि तोंडातून निघालं काय? “नो, नो. व्हाय ट्रबल? आय अ‍ॅम फाइन हिअर.”

आता ह्याला काय म्हणावं! पण अहो, पहिल्या विचारण्याला हो म्हणायची आपल्यात रीत आहे का? शेजारी कुणी पोहे पुढे केले तरी आपण आधी ‘नको हो, आत्ताच झालं’ म्हणतो. मग समोरचा आग्रह करतो, मग आपण ‘बरं, थोडेसेच’ म्हणतो आणि बशी पुसून खातो. एमा मात्र “ओके, मंदा” म्हणाली आणि हवापाण्याचं बोलायला लागली.

पुन्हा विचारेल, बाईंनी मनाशी म्हटलं. त्या दुसऱ्या विचारण्यासाठी त्यांनी वाक्य तयार ठेवलं: “यस, आय वुड लव्ह टु कम.” भाजी निवडताना म्हणायच्या, रिक्षात पुटपुटायच्या. एकदा रिक्षावाला वळून म्हणाला, “काय बोल्लात, आजी?” माळ्यावरची मोठी बॅग काढून उन्हात ठेवली. रविवारमागून रविवार गेले. एमाने खोकल्याची चौकशी केली, उकाड्याची केली. खोलीचं नाव काढलं नाही. आपलं कुठे काय चुकलं, ह्या विचाराने बाईंना जेवण जाईना.

जूनमध्ये क्लासच्या शिवानी टीचरने ‘ब्रिटिश टी’ ठरवला. किटली, बशांवर कप, वेगळ्या भांड्यात दूध, बिस्किटं, सगळा थाट. चहा ओतताना बोलायचं ते इंग्रजीतच. शिवानी बाईंपाशी आली. “वुड यू लाइक अ कप ऑफ टी?”

“नो, थँक यू,” बाई सवयीने म्हणाल्या. शिवानी किटली घेऊन सरळ पुढे गेली.

सगळे चहा प्यायला लागले. बाई रिकाम्या कपापुढे बसून राहिल्या. शेजारी बसलेल्या काळुराम भोईरांना राहवेना. “ओ मॅडम, बाईंना द्या की चहा!”

शिवानी हसली. “काका, तिकडे नको म्हणजे नको. पुन्हा पुन्हा विचारलं तर तो त्रास वाटतो. नाही म्हटलं की त्याचा मान ठेवायचा.”

असं आहे होय! मंदाकिनीबाईंच्या डोक्यावरचं मणभर ओझं उतरलं. पोरीने मान ठेवला आपला, आणि आपण मेली तीन महिने तिच्यावर मनात कुढतोय! रिक्षाची वाटसुद्धा न बघता त्या चालत घरी आल्या आणि रविवारची वाट न बघता केदारला फोन लावला.

“अरे, गंमत सांगते. मी त्या दिवशी नको म्हणाले ना, ते आपलं पहिलं नको होतं रे! एमाला बिचारीला काय माहीत आपल्या रीती. सांग तिला.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

“केदार? ऐकू येतंय ना?”

“आई... एमाने मला तेव्हाच विचारलं होतं. तू खरंच नको म्हणतेयस का, म्हणून.”

“मग?”

“मी हो म्हटलं.”

बाई उभ्या होत्या, त्या पलंगावर बसल्या. एमा परकी, तिला नसेल कळलं. पण हा इथे वाढलेला, आईचं बोट धरून दारोदार ‘नको, नको’ म्हणत लाडू घेतलेला!

“खोली आता मी ऑफिसला घेतलीय,” केदार म्हणाला. “पुढच्या वर्षी बघू ना.”

“असू दे रे,” बाई म्हणाल्या. “मला तरी इथून कुठे निघवतंय.”

आणि थांबल्या. एवढं म्हटल्यावर कुणीही म्हणतं, असं काय आई, तू यायलाच हवंस.

केदार म्हणाला, “बरं. रविवारी बोलू.”