हा डोंगर कोणाचा?

लालसू कुठल्याही नव्या जंगलात शिरला की आधी थांबायचा आणि विचारायचा, "हा डोंगर कोणाचा?" चांदा जिल्ह्यात मी तेव्हा नवाच रेंजर होतो, अंगावरची खाकीसुद्धा अजून कडक होती. मी छाती काढून सांगायचो, "सरकारचा!" लालसू लहान पोराकडे बघावं तसा माझ्याकडे बघायचा. "सरकार तं काल आलं, साहेब. त्याच्या आंधी कोणाचा?" मग तिथला एखादा म्हातारा गाठून, डोंगराचा देव कोणता, पहिलं घर कुणी बांधलं, त्याचं नाव काय, हे सगळं विचारून घ्यायचा. तोवर दातवणालाही काडी मोडायचा नाही. आम्ही मात्र उन्हात ताटकळत उभे.

तो माडिया आदिवासी होता, आलापल्लीच्या आमच्या रोपवाटिकेत कामाला. वय चाळिशीच्या पुढे, बोलणं मोजकं. सागाचं बी म्हणजे महाहट्टी, टणक आणि आळशी. लालसू ते रात्री भिजत घालायचा, दिवसा उन्हात वाळवायचा, पुन्हा भिजवायचा, असं पंधरा-पंधरा दिवस चालायचं. "बी झोपून राह्यते. त्याले हाका मारा लागते, पण वरडाचं नाई," असं तो म्हणायचा. इतरांचं निम्मं बी कुजायचं, त्याचं जवळजवळ सगळं उगवायचं.

पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिका बेटावर सागाची लागवड करून बघायची ठरली आणि तिकडून बियांसोबत त्या रुजवून दाखवणारा माणूसही मागितला गेला. लालसूला इंग्रजी येत नव्हतं आणि मला बी रुजवता येत नव्हतं, म्हणून दोघांनाही धाडलं. खरं सांगायचं तर मी अर्ज केला तो जंगल बघायच्या हावेपोटी. नकाशात ते बेट मोहरीएवढं होतं, आणि त्यावर सगळे डोंगरच डोंगर.

कित्येक आठवड्यांच्या बोटीच्या प्रवासानंतर एका सकाळी ते दिसलं. समुद्रातून सरळ वर चढलेले हिरवेगार कडे, माथ्यावर ढग. लालसू कठड्याला धरून उभा होता. "साहेब, हा डोंगर कोणाचा?"

"इंग्रजांच्या राणीचा."

"राणी इथी राह्यते काय?"

"नाही, विलायतेत."

"मंग तिचा कसा?" मी कपाळावर हात मारला.

काय बेट होतं ते! अर्ध्या-अर्ध्या मैलावर नदी, ताडाएवढे वाढलेले नेचे, कुठे जमिनीतून वाफ निघतेय, तर कुठे भुंग्याएवढा पक्षी फुलासमोर हवेत थांबलाय. मी दिवसभर तोंड वासून फिरायचो. लालसू मात्र तोंडघशी पडायच्या बेतात होता, कारण तिथे पाऊस थांबतच नव्हता. भिजलेलं बी वाळवायचं कुठे? अख्ख्या दरीत एकच कोरडी जागा होती, ती म्हणजे मा सेलिनच्या अंगणातल्या कोको वाळवायच्या फळ्या. त्यांच्यावर सरकतं छप्पर होतं. पाऊस आला की छप्पर पुढे ओढायचं, ऊन पडलं की मागे सारायचं. मा सेलिन म्हणजे सत्तरीची, काळी, उंच, कडक बाई. तिनं आम्हाला राहायला खोली दिली आणि अर्ध्या फळ्याही दिल्या.

आणि तिथेच पंचाईत झाली. दिवस आंब्याचे होते. मा सेलिननं पहिल्याच दिवशी पाटीभर आंबे आणून पुढ्यात ठेवले. मी अधाशासारखा तुटून पडलो. लालसूनं हात जोडले आणि पाटी बाजूला सारली. माडियांत आंब्याचा पंडुम झाल्याशिवाय, म्हणजे पहिला आंबा देवाला आणि गेलेल्या वडीलधाऱ्यांना दिल्याशिवाय, कुणी आंबा तोंडाला लावत नाही. आम्ही निघालो तेव्हा आपल्याकडे नुकत्या कैऱ्या धरत होत्या, पंडुम व्हायचा होता. हे सगळं त्या बाईला इंग्रजीत कोण समजावणार? उंटावरचा शहाणा मी! ठोकून दिलं, "त्याचं पोट बिघडलंय."

झालं! मा सेलिननं कसल्याशा साली उकळल्या आणि तीन दिवस तो कडू काढा समोर बसून लालसूला पाजला. का पाजतेय हे त्याला कळेना. पाहुणचार असेल, अशा समजुतीनं तो डोळे मिटून प्यायचा. चौथ्या दिवशी तिनं त्याला बियांचं पोतं एकट्यानं पाठीवर घेऊन चढण चढताना पाहिलं, दुपारी ताट चाटूनपुसून जेवताना पाहिलं, आणि पुन्हा आंबा नाकारताना पाहिलं. ती माझ्याकडे वळली.

"माझ्या हातचं फळ त्याला चालत नाही, असं सरळ सांगा. अशी माणसं मी जन्मभर पाहिली आहेत. उद्या तुमचं बी माझ्या फळ्यांवरून उचला."

बी उचललं की दोन दिवसांत कुजणार, आणि इतक्या दूर येऊन लालसूच्या नावाला बट्टा लागणार, तोही माझ्या जिभेमुळे. मी त्याला सगळं कबूल केलं. रागावलेला लालसू मी तेवढ्या एकाच वेळी पाहिला.

"खोटं काऊन सांगतलं, साहेब? मी कडू पेलो, ते जाऊ द्या. पण बाईले वाटलं ना, का तिचा हात मले वाईट हाय!" तो उठला. "चाला. तिले विचारा, हा डोंगर कोणाचा?"

मी विचारलं. "कागदावर मळेवाल्याचा," मा सेलिन तुटकपणे म्हणाली.

"कागदाच्या आंधी?" लालसूनं विचारलं. मी तेही विचारलं.

तिनं अंगणाच्या कोपऱ्यातल्या फणसासारख्या झाडाकडे बोट दाखवलं. "माझी आई तिथे पुरली आहे. रोझ. तिच्या आजीला साखळीत घालून समुद्रापलीकडून आणलं होतं. ही जागा त्या आजीनं साफ केली. तिचं खरं नाव कुणालाच माहीत नाही, मालकानं बदललं."

"मंग जिचं नाव ठाव हाय, त्या रोझलेच विचारा लागते," लालसू म्हणाला. पंडुम म्हणजे काय, ते मी आता धडपणे समजावून सांगितलं. त्यानं पाटीतला एक आंबा धुतला, चिरला, पानावर ठेवून झाडाखाली मांडला. माडिया बोलीत त्याच्या गावचे डोंगर, देव, बाप, आजा, एकेकाचं नाव घेतलं आणि शेवटी मोठ्यानं म्हणाला, "रोझ." मग पहिली फोड मा सेलिनच्या हातावर ठेवली. ती कडक बाई ढसाढसा रडली. आईचं नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकून तिला चाळीस वर्षं झाली होती. मला तर मान वर करायची लाज वाटत होती.

लालसूनं त्या दिवशी किती आंबे खाल्ले, विचारू नका. दुसऱ्या दिवशी त्याचं पोट खरंच बिघडलं आणि काढा पुन्हा चुलीवर चढला. पण बी फळ्यांवरच राहिलं. महिन्याभरात वाफ्यात सागाची कोवळी पानं उभी राहिली. निघताना मी त्याला म्हणालो, "लालसूभाऊ, रोपं जगतील ना?" तो म्हणाला, "मालकिणीले सांगून लावले, साहेब. मरतीन कायले?"

परतल्यावर माझी बदली झाली. काही वर्षांनी आलापल्लीकडे जाणं झालं, तेव्हा लालसूच्या गावी गेलो. गावाच्या तोंडाशीच कळलं, थंडीत तापानं गेला. फार वाईट वाटलं. मी उशीर केला होता, दुसरं काय. योगायोगानं त्या दिवशी आंब्याचा पंडुम होता. त्याचा थोरला भाऊ पानावर फोडी मांडून नावं घेत होता. डोंगर झाले, देव झाले, बाप, आजा, लालसू. आणि मग स्पष्ट ऐकू आलं, "रोझ."

मी मुद्दामच त्याला विचारलं, "रोझ कोण, भाऊ?"

"आमची बुढी हाय, समुद्राकडची. लालसू दर सालाले तिचं नाव घे. तो गेला म्हणून तिले उपाशी ठेवाचं काय?" त्यानं एक फोड उचलून माझ्याकडे पाहिलं. "साहेब, तुमच्या घरचं कोणाचं नाव घेऊ?"

"लालसूचं."

"त्याचं झालं ना. तुमच्या घरचं सांगा."

"घरचंच सांगतोय, भाऊ," मी म्हणालो.

त्यानं लालसूचं नाव दुसऱ्यांदा घेतलं आणि फोड माझ्या हातावर ठेवली.